सांग्याच्या मास्तरांना जाहीर आभारपत्र

प्रिय मास्तर,

सादर नमस्कार.

तुमचं नाव कुठंही छापायचं नाही असं तुम्ही बजावलंय, तेवढं पाळतो. पण आभार मात्र चारचौघांतच मानणार. पाऊस लागला की फोंडा-पणजीहून, आता तर बेळगाव-कोल्हापूरहूनही मंडळी कॅमेरे घेऊन गोव्यातल्या सांगे, केपे, सत्तरीच्या रस्त्यांना लागतात आणि मला विचारतात, 'ती जुनी ओसाड घरं नेमकी कुठं आहेत?' ठिकाणं सांगण्याआधी त्यांना तुमच्याविषयी सांगावंसं वाटतं.

रिवणकडच्या त्या बंद घराची चौकशी करत मी तुमच्या अंगणात आलो, तेव्हा तुम्ही आधी पाणी दिलंत आणि मग म्हणालात, "पयलीं घर कोणाचें तें विचार, मागीर फोटो काड." आणि लगेच स्वतःच सांगू लागलात. कोणता भाऊ मडगावला, कोण गिरगावात, कोणाची मुलं परदेशी, देवघरातल्या मूर्ती आता कोणाकडे. घर बंद का पडतं हे मला त्या दिवशी समजलं. आपल्याकडचा वारसा कायदा १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यातून आलेला. नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, मुलामुलींना सारखा वाटा. न्याय म्हणून उत्तमच. पण वाटण्या झाल्या नाहीत, तर तीन पिढ्यांनंतर एका घराला इतके मालक होतात की विकायचं म्हटलं तर सगळ्यांच्या, त्यांच्या नवऱ्या-बायकांच्यासुद्धा सह्या लागतात. म्हणून दाराला कुलूप. माया आटली म्हणून नव्हे.

तुम्ही मला घर वरून खाली बघायला शिकवलंत. मी दारं-खिडक्या बघायचो, तुम्ही आधी छपराकडे बोट दाखवायचात. दरवर्षी पावसाआधीची शाकारणी चुकली, माकडांनी एखादं कौल सरकवलं, की पाणी वाश्यांत मुरतं, मग भिंतीच्या माथ्यावर उतरतं. चिऱ्याची भिंत तग धरते. मातीची भिंत दोन-चार पावसाळ्यांत विरघळते. कौलांवरून घराचं वय कसं ताडायचं तेही तुमच्याकडूनच कळलं. नळीची कौलं असतील तर बांधणी जुन्या वळणाची. चपटं मंगळुरी कौल असेल तर ते छप्पर १८६५ नंतरचं, कारण बासेल मिशनचा मंगळूरचा कारखाना तेव्हा सुरू झाला. पडलेलं कौल उलटं करून त्यावरचा कारखान्याचा ठसा तुम्ही बोटानं पुसलात, तो फोटो माझ्या टेबलासमोर लावलाय.

केप्याकडच्या त्या घरातल्या शिंपल्यांच्या खिडक्या आठवतात? काच दुर्मीळ होती तेव्हा लाकडी पट्ट्यांत पातळ शिंपले बसवायचे. भर दुपारी बाहेर डोळे दिपत होते आणि आत दुधासारखा उजेड पसरला होता. अशा वेळी कॅमेऱ्याला फार खटपट करावी लागत नाही, सावल्या आपोआप मऊ होतात. तुम्हाला छायाचित्रणातलं काही कळत नाही असं तुम्ही म्हणता. पण "हांगा राव, उजवाड हांगा येता" म्हणून तुम्ही दाखवलेली जागाच बरोबर होती. माळ्याच्या जिन्यावर पाय ठेवू दिला नाहीत, वाळवीनं पोखरलेली फळी काठीनं ठोकून दाखवलीत, त्याबद्दलही आभार.

पण सगळ्यांत मोठा उपकार कुर्डीचा. मे महिन्यात साळावली धरणाचं पाणी उतरलं की त्यात बुडालेला तुमचा गाव वर येतो. मी एकटा गेलो असतो तर भेगाळलेली जमीन, वाळलेले बुंधे आणि चिऱ्यांची जोती एवढंच टिपून परतलो असतो. तुम्ही जोत्यांमधून वाट काढत घरं ओळखत गेलात: हे अमक्याचं, इथं न्हाणी होती, इथून शाळेची वाट. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर १९०४ साली याच गावात जन्मल्या, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा तुमचा आवाज ताठ झाला होता. मग तुम्ही स्वतःच्या घराच्या जोत्यावर चढलात आणि पडवी कुठून कुठपर्यंत होती ते चालून दाखवलंत. त्या जोत्यावर तुमचा फोटो काढायला तुम्ही परवानगी दिलीत, ती मी फार जपतो. ज्याचं स्वतःचं घर वर्षातले बहुतेक महिने पाण्याखाली असतं, त्यानं दुसऱ्यांची घरं टिपायला मला इतका वेळ द्यावा, याचं मोल कसं करू?

रिवणच्या घराचं पुढं काय झालं ते वाचणाऱ्यांनाही सांगतो. तुम्ही गिरगावला फोन लावलात, आणि चवथीला कुटुंब आलं तेव्हा मला बोलावणं आलं. वर्षभर बंद असलेलं दार उघडं होतं, राजांगणात पोरं धावत होती, गणपतीवर माटोळी, म्हणजे फळाफुलांनी सजवलेली लाकडी चौकट, बांधली होती: सुपाऱ्यांची शिपटी, तोरिंजन, रानातली घागऱ्यांची फळं. मी आधी काढलेले त्या घराचे फोटो छापून नेले होते. घरातल्या आजी प्रत्येक फोटोवर बोट ठेवून कोणत्या खोलीत कोण जन्मलं ते सांगत होत्या आणि सुना वहीत उतरवून घेत होत्या. मोडलेल्या कठड्याचं नक्षीकाम कसं होतं तेही एका फोटोत नीट दिसतंय, सुताराला तोच दाखवणार आहेत. माझ्या फोटोंचं यापेक्षा चांगलं काही व्हावं असं मला वाटत नाही.

तेव्हा ठिकाणं विचारणाऱ्यांना मी आता गावाचं नाव सांगतो आणि शेजारच्या घराचं दार आधी वाजवायला सांगतो. फोटोखाली घराण्याचं नाव लिहायचं की नाही हेही घरच्यांनाच विचारायचं.

कुर्डीच्या फोटोंचा एक संच तुमच्यासाठी मोठ्या आकारात छापून घेतलाय, म्हणजे तुम्हाला चष्म्याशिवायही बघता येईल. येत्या मे महिन्यात सोमेश्वराच्या उत्सवाला मी गाडी घेऊन येतो. काकींनाही तयार राहायला सांगा, आणि त्यांच्या माहेरचं जोतं कुठं आहे ते या वेळी त्यांनाच दाखवू दे.

तुमचा,
फोंड्याचा कॅमेरेवाला