गरिबी आणि गरिबीची धास्ती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकी नाटकांवरचा लेख आवडला, पण ‘दारिद्र्य माणसाची नीती खातं’ हा त्यातला सूर पटला नाही. ही नाटकं इतकं सरधोपट बोलत नाहीत.

आर्थर मिलरच्या ‘ऑल माय सन्स’मधला (१९४७) जो केलर गरीब कुठे आहे? चांगला कारखानदार आहे. धंदा बुडेल या धास्तीने तो विमानांच्या इंजिनांचे तडे गेलेले भाग लष्कराला रवाना करतो आणि २१ वैमानिकांचा जीव जातो. वर म्हणतो, पोरांसाठीच केलं!

मिलरच्याच ‘डेथ ऑफ अ सेल्समन’मध्ये (१९४९) फिरता विक्रेता विली फेरीवरून येतो आणि बाराशे डॉलरचा माल खपवल्याची फुशारकी मारतो. त्याची बायको लिंडा अ‍ॅप्रनच्या खिशातून कागद-पेन्सिल काढते. कमिशन मांडता मांडता बाराशेचे दोनशे होतात, हाती सत्तर डॉलर अन् थोडे सुटे उरतात. मग देणी : फ्रीजचे १६, वॉशिंग मशीनचे ९.६०, व्हॅक्यूम क्लीनरचे साडेतीन, छपराचे २१. पुढे तो शेजारी चार्लीकडून आठवड्याला ५० डॉलर उसने आणतो आणि पगार म्हणून तिला देतो. तिला तेही ठाऊक असतं, पण ती त्याला तोंडावर खोटं पाडत नाही. मी बँकेच्या कर्ज विभागात होतो. हप्ते थकलेल्या नवऱ्याशेजारी गप्प बसलेली, पण आकडे तोंडपाठ असलेली बायको मी टेबलापलीकडे कितीदा पाहिली आहे. लेखात याला ‘अधःपतन’ म्हटलंय. माझ्याच्याने तो शब्द वापरवत नाही.

लॉरेन हॅन्सबेरीच्या ‘अ रेझिन इन द सन’चा (१९५९) मात्र लेखात उल्लेखही नाही, याचं नवल वाटलं. शिकागोतलं कृष्णवर्णीय यंगर कुटुंब, संडाससुद्धा शेजाऱ्यांबरोबर सामायिक. वडिलांच्या विम्याचे १०,००० डॉलर येतात. त्यातले ६,५०० मुलगा वॉल्टर दारूच्या दुकानाच्या नादात घालवून बसतो. घर घेतलंत त्या गोऱ्या वस्तीत राहायला येऊ नका, पैसे देतो, असं सांगणारा माणूस दारात येतो. वॉल्टर ते घ्यायला तयारही होतो, पण ऐनवेळी मुलादेखत नकार देतो. पैशाची सर्वांत निकड याच घराला होती!

पहिल्याच अंकात वॉल्टरचा मुलगा शाळेसाठी ५० सेंट मागतो. वॉल्टरची बायको रूथ म्हणते, नाहीत. वॉल्टर ऐटीत पन्नास देतो, वर आणखी पन्नास. नंतर कामावर निघालेला तो दारातून परत येतो, बसभाड्याला पैसे नाहीत म्हणून. रूथ पर्समधून पन्नास सेंट काढते आणि म्हणते, घे, टॅक्सीने जा.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली