सत्याग्रहाच्या पुढच्या कमलाबाई

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींवरचा लेख कुठेही छापून आला, तरी तो १९३३ सालच्या बंगळूरला, टाटा विज्ञान संस्थेच्या दारापाशीच घुटमळतो. संस्थेचे संचालक सर सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून नाकारलेला प्रवेश, कमला भागवतांचा (हे त्यांचे माहेरचे नाव) सत्याग्रह, मग वर्षभराच्या अटींवर मिळालेला प्रवेश. हे खरेच आहे. पण दार उघडल्यावर आत काय झाले, याला चार ओळीही मिळत नाहीत.

त्यांच्या केंब्रिजमधल्या पीएच.डी.बद्दल 'बटाट्यात सायटोक्रोम-सी शोधले' एवढेच छापतात. सायटोक्रोम, म्हणजे पेशींच्या श्वसनात इलेक्ट्रॉन वाहून नेणारे प्रथिन, डेव्हिड कीलिन यांनी १९२५ मध्येच वर्णपटातल्या पट्ट्यांवरून ओळखले होते. कमलाबाईंनी बटाट्यापासून सुरुवात करून वनस्पतींच्या श्वसनातला सायटोक्रोम-सीचा वाटा दाखवला. प्रबंध अवघा ४० पानांचा.

आम्हाला मोलाचे वाटते ते मुंबईच्या विज्ञान संस्थेतले काम. वाल आणि डबल बीन यांतले ट्रिप्सिनरोधक त्यांनी सहकाऱ्यासह स्फटिकरूपात वेगळे केले. १९५५ मध्ये ते 'नेचर'मध्ये आले. ट्रिप्सिन म्हणजे स्वादुपिंडातून येणारे, प्रथिने तोडणारे विकर. रोधक त्यालाच चिकटून बसतो.

रोधक मोजण्याची चाचणी दिसायला सोपी. वालाच्या पिठाचा अर्क ट्रिप्सिनमध्ये मिसळून थोडा वेळ ठेवायचा, मग केसीन (दुधातले प्रथिन) घालून ३७ अंशांवर. ठरल्या मिनिटाला ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल ओतले की न पचलेले केसीन साका होऊन बसते, पचलेले तुकडे वरच्या पाण्यात राहतात, ते मोजायचे. केसीन घाईने आधी घातले, तर रोधक आहे त्याहून कमी भरू शकतो. नुसत्या अर्काची वेगळी नळी ठेवली नाही, तर वालातले मुळातच विरघळलेले घटक पचनाच्या खात्यावर चढतात. विद्यार्थी हमखास चुकतात ते इथे.

स्वयंपाकघरात याचा अर्थ एवढाच, की वाल भिजवून, सोलून, पाण्यात पुरते शिजवावेत. भिजलेल्या दाण्याच्या गाभ्यापर्यंत ओली उष्णता पोचते आणि रोधक बराचसा मोडतो. कोरड्या भाजणीत तो जास्त तग धरतो. डाळिंब्या मोडू नयेत म्हणून उसळ कच्चट उतरवली, तर प्रथिनाचा काही भाग न पचताच पुढे जातो.

नीरेवरचे काम राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून झाले आणि त्याला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. तिथेही खरी गोष्ट मडक्याच्या आतल्या चुन्याची आणि उन्हाआधी उतरवण्याची आहे: चुना कमी पडला तर नीरा आंबते, जास्त झाला तर चव जाते.

मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालकपदासाठी त्यांना चार वर्षे ताटकळावे लागले, हेही सहसा कुणी लिहीत नाही. पुढच्या जयंतीला रामन यांचा किस्सा दोन ओळींत आटोपून वालाला एक चौकट द्यावी, ही विनंती.

— जीवरसायनशास्त्राच्या काही शिक्षिका, ठाणे