आधी हवा मोजा, मग पोर्ट घासा

महोदय,

इंजिनीअरिंगच्या मुलांचे प्रकल्प बघायला परवा ठाण्यातल्या एका कॉलेजात गेलो होतो. एका टेबलावर मोटारसायकलचं सिलेंडर हेड, म्हणजे इंजिनाचं व्हॉल्व्हवालं वरचं झाकण. त्यातला इनलेट पोर्ट, म्हणजे हवा आत जायची वाट, आरशासारखा चकचकीत. 'हवा किती वाढली?' असं विचारलं, तर मुलगा म्हणाला, 'काका, बोट फिरवून बघा ना, किती स्मूद आहे!' मेहनत दिसत होती. आकडा मात्र एकही नव्हता. वागळे इस्टेटमध्ये हेडची कामं करण्यात माझं आयुष्य गेलं, म्हणून राहवलं नाही.

चकाकीने हवा फारशी वाढत नाही. कार्बोरेटरच्या इंजिनात तर इनलेटला आम्ही मुद्दाम थोडी खरखर ठेवतो. पोर्ट नुसताच मोठा केला, तर त्यातल्या हवेचा वेग पडतो आणि गाडी कमी आरपीएमला ओढत नाही. खरी अडचण बहुतेक वेळा व्हॉल्व्हच्या तोंडाशी असते. सीटचे, म्हणजे बंद व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडेचे, कोन आणि सीटच्या अलीकडचं आतल्या बाजूचं आखूड वळण, तिथे हवा भिंत सोडते. घोडबंदर रस्ता कासारवडवलीला कितीही रुंद करा, गायमुखच्या घाटात गाड्या तुंबायच्या त्या तुंबतातच.

हे मोजायला लाखांचं यंत्र लागत नाही. व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरी, प्लायची हवाबंद पेटी, मोजून पाडलेल्या भोकाची पत्र्याची चकती आणि पारदर्शक नळीत रंगीत पाणी, एवढ्यावर फ्लो बेंच, म्हणजे हेडमधून हवा ओढून ती मोजणारा मेज, उभा राहतो. हेडवर व्हॉल्व्हला हलकी स्प्रिंग लावायची, वरून बोल्टने दाबत डायल गेजवर, म्हणजे काट्याच्या मापकावर बघत, एकेक मिलिमीटर उघडायचा आणि दरवेळी चकतीच्या दोन बाजूंच्या दाबफरकाने चढलेल्या पाण्याची उंची लिहायची, त्यावरून प्रवाह कळतो. हेडवरचा दाबफरक मात्र कायम ठेवायचा, सहसा २८ इंच पाण्याएवढा. घरगुती मोटरीला तो झेपला नाही, तर १० इंचांवर मोजून आलेल्या प्रवाहाला १.६७ ने गुणावं, कारण प्रवाह दाबफरकाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. पोर्टच्या तोंडाला खेळण्यातल्या मातीची गोल कड मात्र हवीच, नाहीतर धारदार काठच आकडा खातो.

आकडे बोलतात. २८ मिमीचा व्हॉल्व्ह ७ मिमी उचलला की भोवतालच्या फटीचं क्षेत्रफळ व्हॉल्व्हच्या स्वतःच्या गोलाएवढं होतं. त्याच्या बऱ्याच आधी प्रवाह अडला तर सीट बघा, पुढे अडला तर पोर्ट.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ग्राइंडर शेवटी. आधी पोर्टच्या तळाला खेळण्यातली माती थापा. प्रवाह कमी झाला नाही, तर ती जागा फुकट होती, उलट पोर्ट लहान होऊन वेग वाढला. माती काढता येते, घासलेलं ॲल्युमिनियम परत येत नाही. भिंतीची जाडी कळायला एक भंगारातलं हेड करवतीने उभं कापावं. रस्त्यावरच्या बीएस-६ गाडीवर मात्र हे प्रयोग नकोत.

आयटीआय आणि पॉलिटेक्निकांनी असा एक बेंच मुलांकडूनच बनवून घ्यावा. तोवर आमच्या शेडमधला रविवारी रिकामा असतो. हेड मात्र साफ करून आणावं, कार्बन खरवडण्यात अर्धा दिवस जातो.

— एक हेड मिस्त्री, वागळे इस्टेट, ठाणे