काकू, माझा विरोध इतिवृत्तात लिहवून घेतलात, त्याबद्दल

ती. काकूंस सादर नमस्कार.

बालनाट्य स्पर्धेच्या वादाला आता बरेच महिने झाले आणि मंडळात त्यावर कोणी बोलतही नाही. पण तेव्हा तुम्ही मला जे करायला लावलंत, त्याचे आभार मला चारचौघांत मानायचे आहेत, म्हणून हे उघड पत्र.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बडोद्यातल्या आमच्या मंडळाची गणेशोत्सवातली बालनाट्य स्पर्धा आजवर फक्त मराठीत होत असे. अध्यक्षांनी ती गुजराती आणि हिंदीलाही खुली केली. प्रवेशिका घटत चालल्या होत्या, आणि कितीतरी सभासदांच्या घरात आता सून किंवा जावई गुजराती आहे, असं त्यांचं म्हणणं. मला तो निर्णय तेव्हा पटला नाही, आजही पटत नाही. आमची मुलं शाळेत इंग्रजी बोलतात, सोसायटीत खाली खेळताना गुजराती, आणि मराठी घरात आजी आहे तोवर. पाठांतर करून, उजेडात उभं राहून, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवून मराठी बोलायची ही त्यांची एकुलती एक जागा होती.

चिडलेले आम्ही बरेच जण होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर वेगळा ग्रुप निघाला. त्यात निर्णयापेक्षा अध्यक्षांच्या स्वभावावर आणि धंद्यावर जास्त बोललं जात होतं. उत्सवावर बहिष्कार घालायचंही जवळजवळ ठरलं होतं. तुम्ही मंडळाच्या एकेकाळच्या चिटणीस. मला दांडिया बाजारातल्या घरी बोलावून घेतलंत आणि म्हणालात, "जे म्हणायचंय ते कागदावर लिही, खाली सही कर आणि त्यांच्या हातात दे."

मग पेन्सिल घेऊन शेजारी बसलात. अध्यक्ष मनमानी करतात, ही ओळ खोडलीत. त्यांच्या घरच्यांबद्दलचं एक वाक्य होतं, तेही गेलं. "निर्णयाबद्दल हवं तितकं कडक लिही, माणसाबद्दल नको," असं म्हणत मराठीसाठी वेगळा गट आणि वेगळं बक्षीस असावं, ही मागणी मात्र ठळक करायला लावलीत. दोन पानांचा मजकूर पाऊण पानावर आला आणि त्यात माझं म्हणणं आधीपेक्षा जास्त धारदार उतरलं.

चहा घेता घेता तुम्ही टिळक-गोखल्यांचा विषय काढलात. 1907 साली इथून जवळच सुरतेला काँग्रेस फुटली. मंडपात जोडा भिरकावला गेला, खुर्च्या उडाल्या, आणि हे दोघे दोन वेगळ्या गटांत होते. याच गोखल्यांनी पुढे 1911 मध्ये प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, तेव्हा बडोद्याचा दाखला दिला होता, कारण सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेलीत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग करून 1906 मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू केला होता. फेब्रुवारी 1915 मध्ये गोखले गेले. टिळक अंत्यसंस्काराला हजर राहिले आणि त्यांना भारताचा हिरा म्हणाले. मवाळ राजकारण टिळकांना त्या दिवशीही मान्य नव्हतं. शाळेत हे सगळं मी परीक्षेपुरतं वाचलं होतं. तुमच्याकडे बसून ऐकताना ते माझ्या कामाचं झालं.

आपल्याकडे मोठ्यांपुढे बोलू नये यालाच आदर म्हणतात. मग माणसं समोर गप्प बसतात आणि जिन्यात बोलतात. मला हे फार खुपतं. तुम्ही वयाने एवढ्या मोठ्या असून मला गप्प बसायला सांगितलं नाहीत, याचं मोल मला फार वाटतं.

वार्षिक सभेत काही जण म्हणाले, उत्सव तोंडावर आलाय, आता वाचन कशाला? तुम्ही उठून सांगितलंत की सभासदाचं लेखी निवेदन वाचल्याशिवाय पुढचा विषय घेऊ नका. अध्यक्षांनी ते स्वतः वाचलं. माझी सगळी टीका, एक शब्द न गाळता, त्यांच्या आवाजात सभेने ऐकली. मतदानात आम्ही हरलो, आणि इतिवृत्तात माझं भिन्नमत नावासकट नोंदलं गेलं. निर्णयाबद्दल माझं मत बदललं नाही, पण त्या माणसाबद्दल मात्र त्या संध्याकाळी आदर वाढला. बहिष्काराची गोष्ट नंतर कोणी काढली नाही.

स्पर्धेच्या दिवशी तुम्ही मला विंगेत प्रॉम्प्टिंगला उभं केलंत. गुजराती नाटकाची संहिताही मीच धरली होती. एक लहानगी मध्येच अडली, मी पुढचा शब्द पुटपुटले आणि तिने तो असा काही उचलला की समोर टाळ्या पडल्या. तिच्यासाठी मला मनापासून आनंद झाला.

मराठी गटाची मागणी मी या वर्षीच्या सभेत पुन्हा मांडणार आहे. अध्यक्षांना ते आधीच सांगून ठेवलंय. "लेखी द्या, विषयपत्रिकेवर घेतो," असं ते म्हणालेत. मसुदा रविवारी घेऊन येते. गुडघ्यामुळे यंदा जिने चढवत नाहीत म्हणालात, म्हणून सभा तळमजल्याच्या हॉलमध्ये ठेवायला सांगितलं आहे. तुम्ही यायलाच हवं.

तुमची,
मंडळाची एक सभासद
बडोदे