स्पार्टनबर्गच्या काकांना

आदरणीय काका,

पहिल्याच दिवशी 'मला नावाने हाक मार' म्हणालात, पण तुमच्या वयाच्या माणसाला नावाने हाक मारणं माझ्या जिभेला जमेना. मी 'काका'च म्हणत राहिलो आणि तुम्हीही ओ देत राहिलात.

कंपनीने वर्षभरासाठी साउथ कॅरोलिनात पाठवलं तेव्हा माझ्याकडे तिथलं लायसन्स नव्हतं. दर शनिवारी तुम्ही पिकअपमधून मला किराणा आणायला नेलंत. पेट्रोलचे पैसे एकदाही घेतले नाहीत. त्याच फेऱ्यांत तुमच्या गावचा मार्शल टकर बँड मला भेटला. कंट्री-रॉकमध्ये चक्क बासरी! आपल्यासारखी बांबूची नव्हे, धातूची. पण जेरी यूबँक्सने फुंकर घातली आणि मला घरचा सकाळचा रेडिओ आठवला. माझे डोळे भरले. तुम्ही काही विचारलं नाहीत, टेप मागे नेऊन तेच गाणं पुन्हा लावलंत.

मग एकेका शनिवारी एकेक गोष्ट. १९७२ सालची तालमीची जागा, आणि तिच्या किल्लीवरचं मार्शल टकर हे नाव, जे बँडने स्वतःला घेतलं. त्या नावाचं बँडमध्ये कुणीच नव्हतं. ते होते पियानो सुरात लावणारे एक अंध कारागीर, जे ९९ वर्षांचे होऊन २०२३ मध्ये गेले. व्हिएतनाममध्ये जखमी होऊन परतलेला बँडचा टॉय कॉल्डवेल पिक (तारा छेडायची चपटी पट्टी) न घेता नुसत्या अंगठ्याने गिटार छेडायचा, हे सांगताना तुमचा अंगठा स्टिअरिंगवर हलायचा. १९८० वर आलात की मात्र आवाज खाली यायचा. त्या वर्षी टॉयचे दोन्ही धाकटे भाऊ वेगवेगळ्या अपघातांत गेले. त्यातला टॉमी बँडचा बेस वाजवायचा.

१९८४ मध्ये टॉयनेही बँड सोडला. बँडचा गायक डग ग्रे मात्र गातच राहिला. काका, टॉयच्या गिटारीइतकंच मला डगचं हे टिकून राहणं मोठं वाटतं. तुम्हाला ते पटत नाही, टॉयनंतर सगळं संपलं म्हणता. पण मी माझं मत बदलणार नाही.

त्या फेऱ्या नसत्या तर मी वर्ष अर्धवट टाकून परतलो असतो. घरी कुणाला हे सांगितलं नव्हतं, तुम्हालाही नाही. मनापासून आभार.

निघताना दिलेली कॅसेट पुण्यात नीट पोचली. मामांचा जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त करून घेतलाय. येत्या शनिवारी फोन करतो, हे पत्र इंग्रजीत सांगेन.

तुमचा,
शेजारचा मुलगा