मी पुण्याला का जात नाही

छत्रपती संभाजीनगर

ती. आई-बाबांना
शिरसाष्टांग नमस्कार.

मामांचा फोन आला होता. “तबल्यातच राहायचं असेल तर पोरीनं पुण्याला जावं, असं तुझे आई-बाबा म्हणतात,” असं त्यांनी सांगितलं. तुम्ही मला तसं कधी बोलला नाहीत, बहुतेक मला वाईट वाटेल म्हणून. म्हणून मीच लिहिते. मी पुण्याला जाणार नाही. इथंच राहणार आहे.

आई, आधी रात्री उशिरा घरी येण्याच्या तुझ्या काळजीचं. उघड्यावर माइक लावून होणारे कार्यक्रम रात्री दहाला बंद करावेच लागतात. वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस बारापर्यंत सूट मिळते, आणि ते दिवस सणावाराचे, रस्ते जागे असलेले. पेटीवाले काका सिडकोतलेच आहेत. आम्ही सगळे एकाच गाडीनं येतो, मला दारात सोडून ते पुढं जातात. पैशाचंही सांगते. घरभाडं आणि किराणा शिकवण्यांवर निघतो. गंधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षांना बसणारी लेकरं वर्षभर असतात. कार्यक्रमांचं मानधन वरचं. गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट आणि एप्रिल हे चांगले महिने. पितृपक्षात आणि शाळांच्या परीक्षांच्या दिवसांत हात रिकामा असतो, तेव्हासाठी बाजूला टाकायला मी शिकले आहे.

आता खरं कारण. बाबा, तबलजीला जे कानावर पडावं लागतं, ते एवढ्या तऱ्हांचं मला दुसरीकडं कुठं मिळेल? खुलताबादच्या उरुसात कव्वालांच्या मागं बसून मी ढोलक ऐकते. कव्वालीत टाळी हेही एक वाद्यच आहे. ती जराही सरकली तर तबला एकटा पडतो. अठराव्या शतकातले सिराज औरंगाबादी याच शहरातले, आणि त्यांच्या गझला आजही कव्वाल गातात. मग येतो 14 जानेवारी. 1994 साली त्या दिवशी विद्यापीठाचं नामांतर झालं. तेव्हापासून दरवर्षी विद्यापीठ गेटसमोर माणसांचा समुद्र असतो आणि जागोजागी भीमगीतांचे मंच. गावागावांतून गायक येतात. काहींनी शिकवणी कधी पाहिलेली नाही, पण आवाज असा की तिसऱ्या मंचावरूनही ओळखू येतो. तिथं ढोलकीच्या जोडीला वाजवताना मला कळलं की गाण्यातला शब्द लोकांपर्यंत पोचवायचा असेल तर हात कुठं आवरायचा. शास्त्रीय बैठकीत कुणी मला हे इतक्या लवकर शिकवलं नसतं. एप्रिलमध्ये, 11 तारखेच्या फुले जयंतीपासून पुढं महिनाभर, आमच्यातल्या कितीतरी वादकांची चूल याच गाण्यावर पेटते. त्या महिन्यातलं ऊनही सांभाळावं लागतं. कोरड्या उकाड्यात तबला आपोआप चढतो, मंचावर जाऊन बसेपर्यंत सूर वर गेलेला असतो. म्हणून सूर जुळवायची हातोडी मी कधी पिशवीत खाली टाकत नाही.

आणि बैठकी. सभागृहाचं भाडं छोट्या कार्यक्रमाला झेपत नाही, म्हणून ज्योतीनगरात, गुलमंडीच्या जुन्या वाड्यात, कुणाच्या तरी हॉलमधले सोफे बाहेर काढून आम्ही बसतो. जेमतेम तीस-चाळीस माणसं, माइक नाही. ख्याल ऐकावा तर असा. ऐकणाऱ्यांतले निम्मे स्वतः गाणारे-वाजवणारे असतात. त्यामुळं समेवर मान हलली की ती खरी दाद असते, आणि चुकलं तर चहाच्या वेळी कुणीतरी जवळ बसून नीट सांगतं.

तुम्ही म्हणाल, नाव कुठं होतं इथं. बाबा, पं. नाथराव नेरळकर नांदेडला अण्णासाहेब गुंजकरांकडं शिकले आणि आयुष्य या शहरात शिकवण्यात घातलं. त्यांना संगीत नाटक अकादमीचा 2014 चा पुरस्कार इथं राहूनच मिळाला. 2021 मध्ये ते गेले, पण आज इथं गाणं शिकवणाऱ्या घरांत त्यांची शिकवण अजून ऐकू येते. आणि तुमचे शंकरबापू आपेगावकर? पखवाजावर पद्मश्री मिळवली, ती अंबाजोगाईच्या मुलुखातूनच. त्यांचं नाव निघालं की तुम्ही हात जोडता, हे मी लहानपणापासून बघते.

सगळं छान चाललंय असंही नाही. ऑर्केस्ट्रात आधी सात-आठ जण लागायचे. आता एक गायक, लॅपटॉपवर ट्रॅक आणि फार तर एक ऑक्टोपॅड एवढ्यावर सुपारी घेतात. माझ्याबरोबरचा एक चांगला ढोलकीवाला मोबाइलच्या दुकानात लागला. मला त्याचा फार राग येतो, म्हणजे त्याचा नाही, या व्यवहाराचा. ट्रॅक गायकासाठी थांबत नाही, लोक रंगले म्हणून अंतरा परत घेत नाही. वाजवणारी माणसंच गेली तर हे ऐकणाऱ्यांना कोण दाखवणार? मी पुण्याला गेले तर इथला आणखी एक हात कमी होईल, आणि तिथं माझ्यासारखे पुष्कळ आहेत.

म्हणून बाबा, आता तुमच्याकडं एक मागणं आहे. माझ्याकडची मोठी लेकरं तीनतालात कायदे वाजवतात, पण भजनी ठेका हातात बसत नाही. आठ मात्रा मोजून येतात, पण टाळकरी लय चढवायला लागले की ती गोंधळतात. पंचपदीला कसं धरायचं, गौळणीत कुठं मोकळं सोडायचं, हे मी सांगते खरी, पण माझ्या हाताला तबल्याची सवय, तुमच्यासारखी पखवाजाची नाही. तुमची बोटं आता पहिल्यासारखी चालत नाहीत हे मला माहीत आहे. वाजवू नका. बसा, तोंडानं बोल म्हणा, त्यांच्या हाताकडं बघा. मी सगळं रेकॉर्ड करून ठेवणार आहे, गावातल्या चालींसकट. आपल्या मंडळातल्या काही चाली आता तुमच्याशिवाय कुणाला येत नाहीत.

कार्तिकीहून परत आलात की दोघंही या. दादाशी बोलले आहे, कापसाची वेचणी तो बघेल. तपोवननं या म्हणजे उजेडी पोचाल, सेलूला चढलात की फोन करा, मी स्टेशनवर असेन. आई, खोली तळमजल्यावर आहे, गुडघ्याला त्रास होणार नाही. पखवाज गवसणीत घालून आणा आणि सीटवर जवळच ठेवा. धुम्याला, त्याच्या डाव्या तोंडाला, लावायची कणीक इथं मळून देईन. शिकायला येणाऱ्या लेकरांना मी सांगूनही टाकलंय की बाबा येणार, तेव्हा आता नाही म्हणू नका.

तुमची
धाकटी