दादा, डक्टचे थोडे पैसे आषाढापर्यंत राखून ठेव

मिसिसागा, कॅनडा, 9 फेब्रुवारी

प्रिय दादा,
सा. न.

घरातल्या एसीच्या कोटेशनचे फोटो मिळाले. वहिनीने वरच्या मजल्याचा नकाशाही पाठवला ते फार बरं केलं. मशिनच्या भावावर तुम्ही चांगली घासाघीस केलेली दिसते. डक्टच्या, म्हणजे मशिनची हवा खोल्यांपर्यंत नेणाऱ्या नळाच्या ओळीत मात्र ‘डक्टिंग विथ इन्सुलेशन’ एवढंच आहे आणि पुढे चौरस मीटरचा दर. पत्रा कुठला, किती जाड, इन्सुलेशन कसलं, काहीच नाही. सही करण्याआधी त्या ओळीत पुढच्या गोष्टी लिहून घे.

आधी हवेचा हिशोब. एका टनाला साधारण 400 सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते, म्हणजे तुमच्या साडेपाच टनाला 2200. घरात मुख्य डक्टमधला वेग मिनिटाला 900 फुटांच्या आत राहिला तर आवाज येत नाही. त्यासाठी 360 चौरस इंचांचं तोंड हवं. ते 24 बाय 15 इंचांचं करता येतं, 36 बाय 10 चंही. क्षेत्रफळ तेच, पण पहिल्याचा घेर 78 इंच आणि दुसऱ्याचा 92. गोल केला तर जेमतेम 67. म्हणून गोल डक्ट पत्र्याला सगळ्यात स्वस्त आणि हवेलाही मोकळा, पण साडेएकवीस इंचांचा पाइप तुमच्या फॉल्स सीलिंगमध्ये मावणार नाही. चपटा जितका कराल तितका पत्रा जास्त आणि घर्षणही जास्त. रुंदी उंचीच्या चौपटीपुढे जाऊ देऊ नका. 36 बाय 10 अगदी काठावर आहे.

आता प्रकार. कंत्राटदार तीन नावं घेईल: जीआय, प्री-इन्सुलेटेड आणि फ्लेक्सिबल.

जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा. आपल्याकडे त्याला आयएस 655 हे भारतीय मानक लागू होतं. त्यात रुंद बाजू 750 मिमीपर्यंत असेल तर 0.63 मिमी पत्रा आणि 751 ते 1500 मिमीला 0.80 मिमी. म्हणजे 24 इंची डक्ट 0.63 मध्ये बसतो, 36 इंची केलात की जाडीही वाढली. चपट्या डक्टचा हा दुसरा भुर्दंड. नेमकं इथेच 0.5 चा पत्रा खपवला जातो. डोळ्यांना फरक कळत नाही. पंखा सुरू होताना आणि बंद होताना तो पत्रा ‘धडाम’ करतो, तेव्हा कळतं. साइटवर 30 बाय 30 सेंटीमीटरचा तुकडा कापून घे आणि वहिनीच्या किचनमधल्या काट्यावर ठेव. 0.63 चा असेल तर साधारण 445 ग्रॅम भरेल, 0.5 चा असेल तर साडेतीनशेच्या आसपास. मोठ्या सपाट बाजूंवर तिरप्या घड्या किंवा बीडिंग (दाबून काढलेल्या उठावाच्या रेघा) हवंच, नाहीतर चांगला पत्राही वाजतो.

प्री-इन्सुलेटेड म्हणजे दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि मध्ये फोम असलेलं पॅनेल, बहुतेक 20 मिमीचं. कडा 45 अंशांत कापून गोंदाने जोडतात, आतल्या कोपऱ्यांत सिलिकॉन भरतात, बाहेरून फॉइल टेप लावतात. वजनाला हलकं, वेगळं इन्सुलेशन नको, काम भरभर होतं. पण सगळा भार गोंदावर. सिमेंटची धूळ न पुसता चिकटवलं की महिन्याभरात सांधा उघडतो. इलेक्ट्रिशियनने त्यावर पाय दिला की संपलंच! तुमच्याकडे अजून वायरिंगवाले आणि पीओपीवाले यायचे आहेत, म्हणून मी जीआयच घे म्हणेन. गच्चीवरून जाणारा तुकडा यातला करायचा असेल तर वरून पत्र्याचं आवरण हवं. तसंही जीआयवरचं इन्सुलेशन, म्हणजे नायट्राइल रबर, उन्हात तडकतंच, तेव्हा गच्चीवर आवरण दोन्हींना लागेल.

फ्लेक्सिबल, म्हणजे तारेच्या गुंडाळीवर फिल्म आणि भोवती ग्लासवूलचा कोट, फक्त मुख्य डक्टपासून डिफ्यूझरपर्यंतच्या (खोलीत हवा सोडणाऱ्या जाळीपर्यंतच्या) शेवटच्या टप्प्याला. जास्तीत जास्त दीड मीटर. तुमच्या सात डिफ्यूझरना प्रत्येकी 315 सीएफएम जाईल, त्याला 10 इंची पाइप पुरतो. नळी पूर्ण ताणून बसवायची. ‘राहू दे जरा जास्तीची’ म्हणून सुरकुत्या ठेवल्या की आतला विरोध कित्येक पटींनी वाढतो आणि शेवटच्या बेडरूमला हवाच पोचत नाही. टांगायला बारीक तार वापरली तर ती नळीत रुतून गळा आवळते. रुंद पट्टी लाव. आधी आतली नळी कॉलरवर (डक्टच्या गोल तोंडावर) क्लॅम्पने आवळायची, मग कोट वर ओढून टेप. बहुतेक ठिकाणी उलटं करतात आणि नुसता कोटच बांधतात. उंदरांचं बघ, ही नळी ते सहज कुरतडतात.

कापडी डक्टबद्दल भाऊजींनी विचारलं होतं. पिंपळगावच्या पॅकहाउससारख्या मोठ्या शेडला तो छान. काढून धुता येतो, हवा सगळ्या लांबीतून झिरपते. घरात नको.

आता खरी गोम इन्सुलेशनची. डक्टमधली हवा 13–14 अंशांची असते. एप्रिलमध्ये नाशिकला दुपारी 38 अंश आणि आर्द्रता 15 टक्क्यांवर आली की दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं तो आकडा, सातच्या आसपास असतो, मग उघडा पत्राही कोरडा राहतो. आषाढात फॉल्स सीलिंगच्या आत 28 अंश आणि 80 टक्के आर्द्रता धर, दवबिंदू 24. त्याहून थंड असलेला प्रत्येक इंच पत्रा घाम गाळणार. काम एप्रिलमध्ये ताब्यात मिळणार, सगळं ठणठणीत दिसणार, आणि पीओपीवर पिवळे डाग जुलैत उमटणार. घरातल्या डक्टला बंद पेशींचं नायट्राइल 19 मिमी लिहून घे. डाग पडतात ते बहुधा फ्लँजखाली, म्हणजे डक्टचे तुकडे जोडणाऱ्या कडेखाली, कारण सपाट भागावर शीट नीट चिकटवतात आणि फ्लँजची उभी कड उघडी सोडतात. डक्ट टांगणाऱ्या हँगरच्या अँगलखालीही तेच. फ्लँजवर वेगळी पट्टी चढवली का, ते शिडीवर चढून स्वतः बघ.

इन्सुलेशन चढवण्याआधी रात्री डक्टमध्ये मोठा बल्ब सोडून दिवे घालवा. जिथून उजेड दिसेल तिथून हवा जाणार. तिथे सीलंट भरायचा, फ्लँजमध्ये गॅस्केट. कापडी टेपवर भिस्त नको, तिचा गोंद वाळून ती सोलते.

बारीकसारीक: मशिन आणि डक्टमध्ये कॅनव्हासचा जोड, प्रत्येक फाट्यावर डॅम्पर (हवा कमी-जास्त करायची झडप), चौकोनी वळणात आतून व्हेन (हवा वळवणाऱ्या पट्ट्या). बेडरूमना रिटर्न ग्रिल (हवा मशिनकडे परत नेणारी जाळी) नकाशात दिसत नाही. दार लावलं की आत गेलेली हवा परत कुठून येणार? रिटर्नही डक्टमधूनच आणा. फॉल्स सीलिंगची पोकळी रिटर्न म्हणून वापरली तर विटांची आणि पीओपीची धूळ मशिन ओढत राहील.

बाबा म्हणतात त्या डक्ट कूलरचं: मे महिन्यात नाशिकला तो उत्तम चालतो. बाहेर 40 आणि वेट बल्ब (ओलं कापड गुंडाळलेल्या थर्मामीटरचा पारा) 21 असेल तर 25 अंशांची हवा मिळते. पण तुमच्या 1100 चौरस फुटांना तासाला 25 वेळा हवा बदलायची तर 4600 सीएफएम लागेल, एसीच्या दुपटीहून जास्त. खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात, रिटर्न नसतो. एकाच डक्टवर दोन्ही नको, आणि पावसाळ्यात कूलर नुसती ओल देईल.

आईला सांग, इथल्या घरांत ग्रिल जमिनीत खिडकीपाशी असतात ते हिटिंगसाठी. गरम हवा आपोआप वर चढते. तिकडे थंड हवा द्यायची आहे, ग्रिल वरच हवेत. निफाडला पारा कितीही उतरला तरी.

कोटेशनमध्ये शेवटची ओळ घाल: डक्टच्या रकमेचे दहा टक्के ऑगस्टअखेर, सीलिंगवर डाग नसेल तर. आणि बीमच्या तळापासून फॉल्स सीलिंगपर्यंत किती इंच मिळतात ते टेपने मोजून कळव. दोन्ही बाजूंचं इन्सुलेशन दीड इंच खातं, फ्लँज वेगळाच. साडेअकरा-बारा इंच मिळत असतील तर 36 बाय 10. 17 मिळत असतील तर डोळे झाकून 24 बाय 15.

तुझी,
छोटी